आशेचा जमाखर्च

अंकगणितात नफा-तोट्याचा धडा आला की मुले खुशीत असतात. त्या धड्यातला दुकानदार मोठा भाग्यवान प्राणी आहे. तो एखादी वस्तू ८० रुपयांना घेतो आणि १०० रुपयांना विकतो. फारच दैव फिरले तर ७५ रुपयांना विकतो. पण विकतो खास! घेतलेला माल फळीवर तसाच धूळ खात पडला, असे उदाहरण मुलांना शिकवताना मला अजून आढळलेले नाही. गणिताला तोटा कळतो, वाट पाहणे कळत नाही. आणि छोट्या दुकानदाराचे निम्मे आयुष्य तर गल्ल्यावर बसून वाट पाहण्यातच जाते.

अशा माणसाला ‘आशावादी राहा’ म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराने तसे सांगणे तर थोडे उद्धटपणाचेच होईल. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून मी एक प्रश्न तेवढा विचारतो : धंद्यातली आशा हा सद्गुण आहे, की सोयीस्कर आत्मवंचना?

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. कवी आशा करतो तेव्हा फार तर त्याचे स्वतःचे मन मोडते. दुकानदाराच्या आशेत मात्र इतरांचा पैसा गुंतलेला असतो. घाऊक व्यापाऱ्याची उधारी असते, पतपेढीचा हप्ता असतो, पुष्कळदा बायकोचे दागिने असतात. दुसऱ्याच्या जिवावर आशावादी होण्याचा अधिकार माणसाला कितपत आहे?

आमच्या शाळेजवळच्या गल्लीत दोन दुकाने होती. दोघांनीही २०२० साली जूनच्या मोसमासाठी वह्या, कंपासपेट्या, दप्तरे असा माल उधारीवर भरून ठेवला होता. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली. शाळा बंद झाल्या आणि जून आला तरी उघडल्या नाहीत. एक दुकानदार सदा हसतमुख. कोणी विचारले की म्हणे, “होईल हो सगळं ठीक!” घरीही तो तेच सांगे. सावकाराकडे गेलेल्या पाटल्यांची गोष्ट मात्र त्याने घरी सांगितली नाही. दुसरा माझा जुना विद्यार्थी. तो मला म्हणाला, “सर, रोज रात्री वही लिहितो. विक्री शून्य झाली तर शून्य लिहितो. शून्य लिहायला हात जड होतो, पण लिहितो.” हप्त्याची तारीख येण्याआधीच तो व्यापाऱ्याकडे स्वतः गेला, वही पुढे ठेवली, न उघडलेले गठ्ठे परत केले आणि उरलेल्या रकमेची मुदत मागून घेतली.

आता वाचकांना वाटेल की, पहिल्याचे दुकान बुडाले आणि दुसऱ्याचे तरले. तसे झाले नाही. दोन्ही दुकाने बंद पडली. नीतिकथेला शोभेल असा न्याय जगात रोज होत नाही. फरक पडला तो एवढाच की, माझा विद्यार्थी आज आठवडेबाजारात पाल ठोकून बसतो आणि तोच व्यापारी त्याला उधार माल देतो. त्याचे दुकान गेले, पत राहिली. पहिल्याची पत बाजारातून गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे घरातून गेली.

आशावादी दोघांनाही म्हणत. मला वाटते, त्यांतला एकच आशावादी होता. ‘होईल ठीक’ हे भाकीत आहे, आशा नव्हे. भाकितात माणूस उद्याबद्दल बोलतो आणि आजकडे पाठ फिरवतो. आशा आजची बाकी डोळे उघडे ठेवून वाचते आणि तरीही उद्या सकाळी फळी उघडते.

आपल्या मुलखाला अशी आशा अपरिचित नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. ती नोकरी सोडून ते बेळगावास सायकलींच्या दुकानात आले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले, तर लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर पडून राहिले. त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून हात झटकले नाहीत, नांगरात सुधारणा करीत राहिले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या चिकाटीवर.

किंवा गिरगावातल्या त्या सात बायका पाहा. १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन त्यांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ‘लिज्जत’चा पुढचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. मला मोठे वाटतात ते त्यांचे दोन निश्चय : देणगी घ्यायची नाही, आणि नफ्याप्रमाणे तोटाही सर्वांनी वाटून घ्यायचा. तोटा कोणी सोसायचा हे आधी ठरवून केलेली आशा मला प्रामाणिक वाटते. तो न ठरवता केलेल्या आशेचा तोटा नकळत दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

कोणी म्हणेल, इतका हिशेब करू लागल्यावर आशा उरेल कशी? मला उलट वाटते. हिशेबाच्या भीतीने जी पळून जाते, ती आशा नव्हतीच. आणि दुकानदार स्वतः उधार देतो तेव्हा काय करतो? समोरचा माणूस पगार झाल्यावर येईल, यावर विश्वास ठेवतो. पण नाव आणि रक्कमही लिहून ठेवतो. त्या लिहिण्याने विश्वास कमी होत नाही. दैवाशीही त्याने असाच व्यवहार ठेवावा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पुष्कळ दुकानांतून अजूनही नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर ‘शुभ’ आधी लिहितात, ‘लाभ’ नंतर. लाभ आपल्या हाती नाही, याची ती कबुलीच म्हणायची. वही खरी लिहिणे मात्र आपल्या हाती आहे. आणि ज्याला गेल्या वर्षीची बाकी नव्या वहीत खरी उतरवता येते, त्यालाच पुढच्या कोऱ्या पानांकडे निर्भयपणे पाहता येते.