अर्ध्या गुंठ्याचा भाव

बसा. मिशा पिकायला लागल्या म्हणून माझ्यासमोर तंगड्या पसरायची मुभा मिळाली, असं समजू नका. पारावर बसून "सरकार गरिबाला घर देत नाही" हे तुमचं रोजचं कीर्तन मी पुष्कळ ऐकलं. आज हिशेब घेणार आहे. गणित तुमचं शाळेतही कच्चं होतं. आता ते सोयीपुरतं कच्चं झालंय.

सरकार काय देतं ते आधी नीट ऐका. प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्यासारख्या सपाट मुलखातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार. रोजगार हमीतून मजुरी वेगळी, संडासाचे 12 हजार वेगळे. दुसऱ्या टप्प्यात राज्यानं वरून 50 हजार जाहीर केले, त्यातले 15 हजार सौर विजेचे. 2025च्या फेब्रुवारीत पुण्यात एका कार्यक्रमात 20 लाख मंजुरीपत्रं वाटल्याचं सांगितलं गेलं. एवढ्यात घर पुरं होतं का? नाही होत. गवंड्याची मजुरी, सिमेंट, गज यांचे भाव मलाही ठाऊक आहेत. त्यासाठी भांडायचं असेल तर चला, मी पुढे चालतो. पण भिंतीच्या आधी भुई लागते. ज्याच्या नावावर भुईच नाही, त्यानं ते मंजुरीपत्र काय कुडाला चिकटवावं?

त्याचीही सोय आहे, आणि ती आजची नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना. नाव लांबलचक आहे, म्हणून तुम्ही तोंडात घेत नसाल. 2015 साली राज्यानं ती काढली. घरकुल मंजूर झालं पण जागा नाही, अशा कुटुंबाला 500 चौरस फुटांपर्यंत जागा विकत घ्यायला 50 हजारांपर्यंत मदत. पुढे ती मर्यादा 1 लाख झाली. घर बांधायचं किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं; उरलेल्या जागेत न्हाणी, चूल, एखादी शेळी. पैसा आहे, नियम आहे, माणूस आहे. नाही ती फक्त जागा. आणि जागा कोणाकडे आहे? खाली बघू नका. मी तुम्हालाच विचारतोय.

गावाला लागून, रस्त्याकडेला ज्यांच्या पट्ट्या आहेत त्यांनी आता आकडे लिहून घ्या. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. एकरात 40 गुंठे, म्हणजे 43,560 चौरस फूट. भागिले 500. किती आले? 87 तुकडे. अनुदान 50 हजारांचं असताना तुकडा 50 हजाराला सांगायचा, 1 लाखाचं झालं की 1 लाखाला सांगायचा. म्हणजे एकराला 87 लाख! रस्ते सोडा, नाली सोडा, साठच तुकडे पडले म्हणा, तरी 60 लाख. आता सांगा, त्याच एकरात सोयाबीन घेता तेव्हा किती उरतं? हळद लावली तरी किती उरते? मग एका रात्रीत त्या मातीला सोनं लागलं का? काही लागलं नाही. समोरच्याच्या खिशात सरकारनं नोट ठेवली, आणि ती तुम्हाला बाहेरून दिसली.

ही हुशारी फक्त आपल्याकडची नाही, म्हणून छाती फुगवू नका. इंग्लंडच्या सरकारनं 2013 ते 2023 घर घेणाऱ्यांना पैशाची मदत केली, 'हेल्प टू बाय' म्हणून. 2022 साली त्यांच्याच हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनं लिहिलं की जिथे मदतीची सगळ्यात जास्त गरज होती, तिथे मदतीपेक्षा किमतीच जास्त वाढल्या. विकायला माल थोडा आणि घेणाऱ्याच्या हातात आयता पैसा, की तो पैसा विकणाऱ्याकडेच जातो. त्यांच्याकडे निदान हे लिहून ठेवणारी समिती होती. आपल्याकडे हे सगळं चहाच्या टपरीवर ठरतं.

आता तू. मागे लपू नकोस. मंजुरी मिळाली, जागाही ठरली, आणि साहेबांनी केलं काय? स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून घेतल्या, दोन साक्षीदार, एक अंगठा, नोटरीचा शिक्का, पैसे मोजून मोकळे. खरेदीखत कुठंय? नोंदणी कुठंय? त्या कागदावर जागा तुझी होत नाही. अनुदानासाठी गेलास तर पंचायत समितीनं परत पाठवायचं नाही तर काय आरती करायची? वर म्हणतोस, "ऑफिसवाले त्रास देतात." सातवीत अर्ज कसा लिहायचा हे शिकवताना तू खिडकीबाहेर बघत होतास, ते मला आठवतं. आणि हेही ऐकून ठेव: खरेदीखतावर बायकोचं नाव आलं पाहिजे. घरकुल बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं, हे योजनेतच आहे. तिचं नाव लावायचं म्हटलं की तुमचा चेहरा का उतरतो?

"गायरानावर बांधू द्या, होईल नंतर कायम," असं कोण पुटपुटलं? 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच वर्षी जुलैत आपल्या राज्याचाही आदेश निघाला. गरिबाला त्या जागेवर बसवायचं, मतं घ्यायची, आणि नोटीस आली की तालुक्याला काम निघायचं, हा धंदा माझ्या डोळ्यांदेखत कोणी करू नये. निवासी अतिक्रमण नियमात बसून कायम होतं तिथे जरूर करा. बाकी ठिकाणी त्याच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवून उपकार केल्याचा आव आणू नका.

ग्रामसभेचं तर बोलूच नये. 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं बसली की गणपूर्ती होते. लग्नाच्या पंगतीला याच्या दहापट जमता! आणि ज्यांच्यासाठी जागेचा विषय निघायचा, ते 26 जानेवारीच्या सभेला असतात कुठे? कोयता घेऊन ऊसतोडीला, फडात. त्यांच्या वतीनं एक माणूस उठून विचारत नाही की घरकुल यादीत भूमिहीन किती, त्यांतले किती जण जागेपायी अडले, गावठाणात काही मोकळं आहे का, नसेल तर वीस जणांसाठी मिळून एकच पट्टी घेता येईल का. एकेकट्यानं घासाघीस केली तर तो हरणारच. वीस जण एकत्र बसले, सोबत ग्रामपंचायत अधिकारी आणि गावातली चार शहाणी माणसं बसली, तर भाव आवाक्यात येतो. एवढं समजायला इंग्लंडची समिती लागत नाही.

नरसी आपल्या शेजारी. नामदेवांचं गाव म्हणून कमान दिसली की हात जोडता. त्यांचं एक पद शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. शेजारीण विचारते, तुझं छप्पर कोणी शाकारलं, सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देते. नामदेवांचा कारागीर मजुरी म्हणून प्रेम मागत होता. तुम्ही 87 लाख मागता.

तर पट्टीवाल्या, आता तू बोल. तुझी ती ओढ्याकडची पट्टी, जिथे धड पेराही होत नाही, तिचे 20 तुकडे म्हणजे 10,000 चौरस फूट, गुंठ्यात साडेनऊही नाहीत. वाटेसाठी अडीच-तीन गुंठे जास्त धर. भाव सांग. सगळ्यांसमोर सांग, टपरीवर नको. तुकडेबंदीची परवानगी काढायला मी तुझ्याबरोबर येतो, आणि दुय्यम निबंधकापुढे साक्षीदार म्हणून सहीही करतो. अनुदानाचा आकडा विसरून सांग.

बोल ना.