पडलेलं दान, दिलेलं दान

तीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका शुक्रवारी रात्री, मॅडिसनमधल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर तात्या मरायला टेकला होता.

तात्या म्हणजे माझ्या एका मित्राचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधलं पात्र. बुटका, दाढीवाला, कुऱ्हाड चालवणारा हट्टी योद्धा. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणला. गायगॅक्सचं लेक जिनीव्हा हे गाव आमच्या विस्कॉन्सिनमध्येच, इथून दीडेक तासावर. खेळाडू आपापली पात्रं रंगवतात, एकजण गोष्ट चालवतो आणि जिथे अडतं तिथे फासा निर्णय देतो. आमच्यात गोष्ट मी चालवते.

पात्र मरणाच्या दारात पडलं की २०१४च्या पाचव्या आवृत्तीचा नियम असा: दर पाळीला वीस पैलूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर जगण्याच्या बाजूला एक खूण, कमी पडले तर मरणाच्या. ज्या बाजूच्या तीन खुणा आधी होतील तो निकाल. एक पडला तर मरणाच्या एकदम दोन खुणा. आणि वीस पडला तर मागचं सगळं माफ, गडी तिथल्या तिथे शुद्धीवर. मदतीला कुणीच आलं नाही तर शंभरातली साधारण चाळीस पात्रं यात दगावतात. तात्याच्या नावावर मरणाच्या दोन खुणा होत्या, जगण्याची एकही नाही. उत्कंठा राहावी म्हणून हे फासे मी पडद्याआड टाकत असे.

फासा पडला. सात. मी ओरडले, “वीस!”

टेबलाभोवती एकच कल्ला झाला. मित्र खुर्चीवरून उठून नाचला. पुढे कित्येक आठवडे ‘तात्याचा वीस’ ही आमच्यात दंतकथाच झाली.

मी खोटं का बोलले, याचं कारण टेबलावर नव्हतं. त्याच आठवड्यात एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीचा निकाल आला होता. वर्षाला ८५ हजार जागा, अर्ज त्याहून कितीतरी जास्त, आणि तेव्हा निवड संगणक करायचा, निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मित्राची ही तिसरी आणि शेवटची खेप होती. नंबर लागला नाही. मला ती सोडत कधी भोगावीच लागली नाही, कारण विद्यापीठातल्या नोकरीला ही मर्यादा लागू नसते. तो माझ्याइतकाच शिकलेला, कामात माझ्यापेक्षा सरस. मी इथे राहिले, त्याला जायचं होतं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली ‘नैतिक नशीब’ हा विषय चर्चेत आणला: जे आपल्या हातात नव्हतं त्याच्यावरही आपली लायकी तोलली जाते, हे कसं? तो प्रश्न मी वर्गात शिकवला आहे. त्या रात्री तो समोर बसून चिवडा खात होता.

फासा डावलण्याची मुभा खेळात आहेच. खुद्द गायगॅक्सनं १९७९च्या मार्गदर्शक पुस्तकात ती दिली आहे. नीट खेळलेलं पात्र केवळ दुर्दैवानं मरत असेल तर त्याला वाचवा, पण हवं तर हातपाय किंवा डोळा गमावू दे, असं त्याचं सांगणं. म्हणजे दया करा, पण तिची काही किंमत दिसू द्या. माझ्या दयेला किंमतही नव्हती आणि चेहराही नव्हता.

आपल्या भाषेत फाशाचा कौल म्हणजे दान, आणि कुणाला काही देणं म्हणजेही दान. एक पडतं, दुसरं द्यावं लागतं. पडलेल्या दानाचा आनंद वेगळाच असतो. तिथे कुणाचे उपकार नसतात, आणि तो फासा उलटाही पडू शकला असता. दिलेल्या दानाला देणारा असतो, त्याच्या पदरचं काही जातं. मी दिलेलं दान पडलेलं म्हणून खपवलं. शकुनीनं तरी वेगळं काय केलं होतं? त्याचा हेतू वाईट होता, माझा चांगला, एवढंच. पण फासा मोकळा आहे, असं समोरच्याला वाटायला लावणं दोन्हीकडे सारखंच.

आणखी एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. तात्यापासून चार पावलांवर आमच्यातली एक वैद्य उभी होती. जखम भरण्याचा तिचा शेवटचा मंत्र शिल्लक होता, पण आपल्या पाळीला तो तिनं पुढच्या राक्षसासाठी राखून ठेवला. माझ्या खोट्या विसामुळे तिला त्या निवडीकडे परत बघावंच लागलं नाही. आणि मलाही. मित्रासाठी काहीतरी केलं, या समाधानात मी घरी निवांत झोपले. घरभाड्याच्या कराराचे उरलेले महिने, गाडी विकणं, सामान पाठवणं हे त्यानं एकट्यानं निस्तरलं. सोडत माझ्या हातात नव्हती. खोकी भरणं होतं.

तो टोरांटोला गेल्यावर वर्षभरानं मी फोनवर कबुली दिली. तो हसेल असं वाटलं होतं. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अगं, त्या आठवड्यात तेवढं एकच दान माझ्या बाजूनं पडलं होतं.”

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

आता पडदा काढून टाकला आहे. फासा सगळ्यांच्या देखत पडतो, आणि पात्रं मरतातही. फक्त पडलेल्याची पाळी येण्याआधी मी बाकीच्यांकडे एकेक करून बघते आणि विचारते, “तो तिथे पडलाय. तू काय करतोस?”