घागर ठेवून गेलेली बाई



आजच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री जातीने हलकी मानलेली, उपासनेचा डोंगरही वेगळा. प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो. ती घागर तिथेच ठेवून गावात धावते आणि तिच्या साक्षीमुळे पुष्कळ लोक विश्वास ठेवतात.

मागच्या महिन्यात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी खोपोली लोकलने पळसदरीला आम्हांला भेटायला आली. तिचा विषय अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया. त्या स्वतःला ‘चिकाना’ म्हणवतात. त्यांच्या घरोघरी ग्वादालुपेची सावळी माता असते. १५३१ साली ती हुआन दिएगोशी त्याच्याच नाहुआत्ल भाषेत बोलली, अशी परंपरा आहे. त्यांतल्या काही जणी इव्हँजेलिकल मंडळ्यांत जातात आणि भिंतीवरची तसबीर उतरते. मग आपण कोण उरलो, असे त्यांना वाटते.

आम्ही म्हणालो, “बाळ, एवढ्या लांब कशाला? आपल्या पंडिता रमाबाई पाहा.”

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींकडे राहत असताना झाला. पण त्या शाकाहारीच राहिल्या. क्रुसावर लॅटिन शब्द नकोत, संस्कृत हवेत, असा त्यांनी आग्रह धरला. पुरोहितांच्या एका जोखडातून नुकत्याच सुटलो आहोत, दुसरे मानेवर घेणार नाही, असेही त्यांनी भगिनींना कळवले. (आम्ही धर्मगुरू, हे वाचताना बोचते.) ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त पुढे आठएक वर्षांनी भेटला, असे त्या सांगत. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थनेची लाट उठली तेव्हा विधवा, अनाथ मुली मोठ्याने रडत, प्रार्थना करत होत्या. स्वतः रमाबाई १९२२ साली मृत्यू येईपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवीत होत्या.

विद्यार्थिनीने सगळे लिहून घेतले आणि विचारले, “फादर, तुमच्या धर्मग्रामात बाई साक्ष कधी देते?”

आम्ही चहा मागवला. उत्तर नव्हते.

वाडीवरच्या एक ताई वर्षभर मिस्सेला येत नाहीत. दुसऱ्या एका प्रार्थना मंडळात जातात. आम्ही दोनदा निरोप धाडले, समजही दिली. तिथे त्यांना उभे करून, ‘देवाने तुझ्यासाठी काय केले ते सांग,’ असे विचारतात म्हणे. आम्ही बारा वर्षांत त्यांना केवळ मुलांच्या कॅटेकिझमच्या हजेरीविषयी विचारले.

येत्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत, ऐकायला. त्या दिवशीचा बायबल वर्ग होणार नाही.