उत्तरपूजेनंतर

दीड दिवसाचा गणपती उठून चार दिवस झाले होते. ठाण्याहून फोन आला. "काकू, बाप्पा अजून बादलीत तसाच बसलाय. उत्तरपूजा तर झालीय. आता नमस्कार करायचा की नाही?"

मी हमरापूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे. फोन करणारीची आई आमची जुनी गिऱ्हाईक. पोरीनं मात्र मूर्ती घराजवळच्या दुकानातून घेतली, शाडूची म्हणून. निघाली प्लास्टरची.

प्रश्न सोपा नव्हता. भाद्रपदातली पूजा पार्थिव गणपतीची. पार्थिव म्हणजे मातीचा. प्राणप्रतिष्ठा करून त्याला बोलवायचं, उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवायची, की तो गेला. उरली माती, ती पाण्याची. आमच्याकडे विसर्जनाहून परतताना रिकाम्या पाटावर तिथलीच मूठभर माती घरी आणतात. घेतलं तेवढं परत पोचलं, याची ती पावती असं मी समजते. (भटजींना विचारलेलं नाही.) प्लास्टरपाशी हा हिशोब मोडतो. शाडू पाण्यात सुटते, प्लास्टर मुळात पाण्यानंच घट्ट होतं. देव जातो, देह राहतो.

म्हणून आम्ही कारागीर पापी, असं शहरात बोलतात. मला ते पटत नाही आणि सगळं झटकताही येत नाही. प्लास्टरची मूर्ती अर्ध्या तासात साच्यातून निघते, वजनाला हलकी, टेंपोत फुटत नाही. शाडू गुजरातहून येते, जड असते, वाळायला दिवस घेते. आषाढात तर वाळतच नाही. आणि शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच, चकचकीत मूर्ती आमच्याकडे मागितली कुणी?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये प्लास्टरला मनाई केली. 2025च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. रंगाची वाटी हातात धरून आम्ही त्या बातम्या वाचल्या. देवाला यायची परवानगी, जायची नाही! कायद्याला यापुढे जाता येईल असं मला वाटत नाही.

पोरीला म्हटलं, "देव गेलाय. आता ही वस्तू तुझी जबाबदारी." पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सांगितलेला अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय तिला कळवला. त्यानं प्लास्टर विरघळतं, खाली खडूसारखा साका बसतो आणि वरचं पाणी खत म्हणून झाडांना घालता येतं.

पुढच्या माघात तिचाच फोन. सोसायटीतल्या चौदा घरांनी ठरवलं होतं: फूटभराची शाडूची मूर्ती, सगळ्यांना मिळून एकच टाकी, आणि तळाची माती सोसायटीच्या बागेला. चौदा मूर्ती आमच्या व्यापारात काहीच नाहीत. पण मागणी माघात आली, आणि फाल्गुनाच्या उन्हात त्या अंगणात खडखडीत वाळल्या. एकीलाही तडा नाही. इतक्या वर्षांत कुठल्या आदेशानं आम्हाला हे ऊन मिळवून दिलं नव्हतं.

तेव्हा शाडूची मूर्ती हवी असेल तर श्रावणात दारात येऊ नका. गुढीपाडव्याच्या आत सांगा.