अर्धे बोर्डाचे, अर्धे सीईटीचे

कर्नाटकात इंजिनिअरिंगची रँक ठरवताना सेकंड पीयूसीतले, म्हणजे बारावीतले भौतिक, रसायन आणि गणिताचे गुण अर्धे धरतात आणि सीईटीचे अर्धे. ही वाटणी समतोल वाटते, म्हणूनच तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पण बोर्डात 60 आणि सीईटीत 90 टक्के मिळवणारी मुलगी आणि दोन्हीकडे 75 मिळवणारा मुलगा या हिशेबात सारखेच ठरतात. वास्तविक पहिल्या गुणपत्रिकेतली तफावतच काही सांगत असते: विषय तिला येतो, अडले ते दुसरेच काहीतरी. सरासरी नेमके तेवढेच पुसून टाकते. माझ्या मते अशी तफावत दिसली की ती कुठून आली हे पाहणे प्रवेशयंत्रणेचे काम आहे.

जोयडा तालुका डोळ्यांसमोर आणा. काळी व्याघ्र प्रकल्प, सुपा धरणाचे पाणी आणि त्या पाण्याने उठवलेल्यांचे रामनगर. विस्ताराने मोठ्या या तालुक्यात 2011च्या जनगणनेनुसार माणसे जेमतेम 50 हजार, तीही दूरदूरच्या वाड्यांत विखुरलेली. घरात कोकणी किंवा मराठी, वर्गात बहुतेकदा कन्नड आणि सायन्स घेतले की इंग्रजी. अशा ठिकाणी एका विषयाला शिक्षक उशिरा आला किंवा पावसात एसटी चुकत राहिली, तर त्याचा व्रण गुणपत्रिकेवर उमटतो. पर्यायांतून उत्तर निवडायच्या सीईटीत ते कमी जाणवते. तिथे इंग्रजीत लांब उत्तरे लिहावी लागत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो सातत्याचा: बोर्डाचे गुण वर्षभराची मेहनत दाखवतात, सीईटी एखाद्या दिवसाचे नशीब. अमेरिकेतल्या शाळांच्या चार वर्षांच्या ग्रेडबद्दल हे म्हणता येईल. आपल्याकडे मात्र प्रात्यक्षिकाचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सोडले तर बोर्डाचा गुण हाही एका परीक्षेचाच गुण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सीईटीला महत्त्व दिले की क्लासवाल्यांचे फावते, आणि जोयड्याच्या मुलाला क्लाससाठी धारवाड किंवा बेळगाव गाठावे लागते. हे खरेच आहे, म्हणून केवळ सीईटीवर प्रवेश द्या असे मी म्हणत नाही. पण बोर्डाचे गुण तरी पैशापासून कुठे सुटले? तमिळनाडूने 2007 साली इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा रद्द केली. तिथे नामक्कलच्या निवासी शाळा बारावीचे गुण घोटून घेण्यासाठीच नावाजल्या. मूडबिद्रीकडची निवासी पीयू कॉलेजे तर दोन्ही तयाऱ्या एकत्रच करून घेतात. ज्याच्याकडे फी आहे त्याचे दोन्ही अर्धे वाढतात.

मग उपाय काय? अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजने 2024 मध्ये प्रवेशपरीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केले, पण ते वाचायचे विद्यार्थ्याच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर असेही ठरवले. आपल्याकडेही बोर्डाचा अर्धा भाग दोन रीतींनी मोजावा, एकदा राज्यभराच्या तुलनेत आणि एकदा त्याच पीयू कॉलेजातल्या मुलांच्या तुलनेत. जो अधिक तो धरावा. फारच लहान वर्ग असेल तिथे शेजारची कॉलेजे एकत्र घ्यावीत. गुणांना असा हात लावणे अन्यायाचे होईल, असे कोणी म्हणेल. पण तो हात आधीच लागला आहे. करोनामुळे 2021 ची पीयूसीची तुकडी परीक्षेविना उत्तीर्ण झाली. पुढच्या वर्षी त्या तुकडीतल्या, पुन्हा सीईटी देणाऱ्या रिपीटरांचे पीयूसी गुण धरायला सीईटी घेणाऱ्या परीक्षा प्राधिकरणाने नकार दिला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर सरासरी 6 टक्के वजा करून ते गुण धरण्याची तोड निघाली. दोन वर्षांचे गुण एका मापाचे नसतात हे तिथे मान्य झाले. दोन कॉलेजांचेही नसतात. राहिला प्रश्न शहरातली मुले मुद्दाम कमकुवत कॉलेजात नाव घालतील याचा. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याची जी अट 15 टक्के ग्रामीण कोट्याला आहे, तीच इथे लावावी. कन्नड माध्यमाच्या 5 टक्के कोट्यात मराठी शाळेतून आलेले मूल बसत नाही; या मोजणीत मात्र त्याचे माध्यम कोणी विचारणार नाही.