मुख्य कोण, गौण कोण: दीर्घ खेळातल्या न्यायाचा प्रश्न

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो आणि बाकीचे सगळे जग, म्हणजे राजे, राक्षस, वाणी, वादळ, गेम मास्टर चालवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये बाजारात आला, तेव्हापासून या खेळांची घडण साधारण हीच राहिली आहे. एका संध्याकाळी आटोपणाऱ्या डावात कोणाला किती वाव मिळाला याचे फारसे कोणी मनावर घेत नाही. मात्र दर आठवड्याला बैठक भरवत वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोहिमेत तो हिशेब आपोआप मनात मांडला जातो. बोलायला, निर्णय घ्यायला आणि इतरांनी आपले ऐकून घ्यायला मिळणारा वेळ मोजकाच असतो. एकाच्या पात्रावर झोत असतो तेव्हा बाकीचे अंधारात असतात. तो झोत कसा वाटावा, हा वरकरणी खेळाच्या तंत्राचा प्रश्न आहे. खोलात गेल्यावर तो न्यायाचा होतो, आणि भारतीय दर्शनांनी त्यावर पुष्कळ विचार करून ठेवला आहे, अर्थात वेगळ्या निमित्ताने.

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे सारखे वाटप: पाच जण, अडीच तास, प्रत्येकी अर्धा तास. ते टिकत नाही. चोराचे पात्र चालवणारा खेळाडू कुलूप उघडतो, फासा टाकतो, दोन मिनिटांत मोकळा होतो. त्याच बैठकीत सरदाराचे पात्र चालवणारी खेळाडू राजाने मागितलेली शपथ घ्यावी की मोडावी या पेचात अडकते. तिला चाळीस मिनिटे लागली म्हणून चोरावर अन्याय झाला, असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कुलपाआड काय होते याला पुढे काहीच अर्थ उरला नाही आणि शपथेने मात्र सगळ्या राज्याचे भवितव्य फिरले, तर अन्याय झाला. लक्षाचे माप मिनिटांत बसत नाही. एखाद्याच्या कृतीने गोष्ट वळली की नाही, यात बसते.

मग झोतावर अधिकार कोणाचा? अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (2009) या ग्रंथात एका बासरीवर हक्क सांगणाऱ्या तीन मुलांचे उदाहरण दिले आहे. एकीला ती वाजवता येते, दुसऱ्याकडे खेळायला दुसरे काहीच नाही, तिसरीने ती स्वतः घडवली आहे. तिघांचाही दावा रास्त आहे आणि तिन्ही दावे एकाच मापाने तोलता येत नाहीत, हे सेन यांना दाखवायचे आहे. खेळाच्या टेबलावर ही तिन्ही मुले दर आठवड्याला हजर असतात: अभिनय उत्तम करणारा, गेले तीन आठवडे गप्प बसलेला, आणि आपल्या पात्राचा वीस पानी पूर्वेतिहास लिहून आणणारा. अनुभवी गेम मास्टर तिसऱ्याच्या दाव्याला जरा जास्तच भुलतो, कारण तयार मजकूर हाताशी असतो.

याला काळाचा आणखी एक पदर आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या आवृत्त्यांत जादूगार सुरुवातीला अगदीच दुबळा असे: दिवसाला एक मंत्र, आणि तो खर्ची पडला की योद्ध्याच्या पाठीमागे लपायचे. मोहीम लांबत जाई तसे पारडे फिरे आणि शेवटी योद्धाच जादूगाराच्या सावलीत उभा राही. आज तुझे, उद्या माझे, अशी ही वाटणी होती. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने ती मोडून पात्रांच्या सर्व वर्गांना एकाच साच्याची, प्रत्येक टप्प्यावर तुल्यबळ सामर्थ्ये दिली. पुष्कळ खेळाडूंना ती आवृत्ती रुचली नाही. सगळी पात्रे एकसारखीच वाटतात, ही त्यांची तक्रार होती. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने निम्मी वाट परत मागे धरली. तत्त्वज्ञानातही हा वाद आहे. समता प्रत्येक क्षणी असावी की संपूर्ण आयुष्याच्या गोळाबेरजेत, हा प्रश्न डेनिस मॅककर्ली यांनी 1989 मध्ये मांडला. मालक आणि चाकर ठरावीक काळाने जागा बदलत राहिले तर बेरीज सारखी भरेल, पण कोणत्याही दिवशी पाहिले तरी एक जण दुसऱ्यापुढे वाकलेलाच दिसेल. जुन्या जादूगाराचे तसेच होते, आणि मोहीम मध्येच बंद पडली तर त्याच्या वाट्याला नुसते वाकणेच येई. दीर्घ खेळ बहुधा मध्येच बंद पडतात. कोणाची बदली होते, कोणाच्या घरी बाळ येते. पुढे कधीतरी तुझी पाळी येईल, हे आश्वासन म्हणूनच फार लांबणीवर टाकता येत नाही.

दीर्घ मोहिमेतली कामे कशी वाटून द्यावीत याचा एक जुना नमुना चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या नावाशी जोडलेला आहे. जैमिनीच्या अश्वमेधकथेत युधिष्ठिराच्या यज्ञाला लागणारा श्यामकर्ण घोडा भद्रावतीच्या यौवनाश्व राजाकडे असतो. ती भद्रावती म्हणजेच चंद्रपूर-वरोरा वाटेवरचे, जुन्या भांदक नावाचे हे गाव, असे स्थानिक परंपरा मानते. इतिहासाला ते सिद्ध करता येत नाही, पण कथेची रचना पाहण्यासाठी त्याची गरजही नाही. घोडा आणायला भीम निघतो. त्याच्यासोबत कर्णाचा मुलगा वृषकेतू आणि घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण असतात, म्हणजे युद्धात पडलेल्या दोघांची मागे राहिलेली मुले. भीमासारखा एकटा सैन्य उधळून लावणारा वीर बरोबर असताना या पोरांना काय काम उरावे? कथाकाराने ते नेमके वाटून दिले आहे. घोडा पळवायचा तो मेघवर्णाने, मायेच्या बळावर, कारण तो राक्षसकुळातला. राजाशी भिडायचे ते वृषकेतूने. यौवनाश्व मूर्च्छित पडल्यावर शत्रूच्या जिवाची काळजी करायची तीही त्यानेच, कारण बापाच्या दातृत्वाचा वारसा त्याच्याकडे आहे. भीमाच्या वाट्याला राजपुत्र सुवेग येतो. तीन पात्रे, तीन वेगळ्या जातीची कामे. एकाचे काम दुसऱ्याला करता येण्यासारखे नाही. कोणत्याही गेम मास्टरने हा प्रसंग कागदावर उतरवून अभ्यासावा.

व्यासांच्या आश्वमेधिक पर्वात हा प्रसंग नाही. तिथे घोड्यामागे अर्जुन जातो. भीम आणि नकुल राज्य सांभाळायला मागे राहतात, सहदेवाकडे कुटुंबाची आणि पाहुण्यांची व्यवस्था येते. जैमिनीच्या कथेत घोडा जिथे अडेल तिथली माणसे पुढे येतात: सुधन्वा, प्रमिला, बभ्रुवाहन, मयूरध्वज, चंद्रहास. अर्जुन सगळीकडे असतो, पण दर वेळी गोष्ट त्याची नसते. मराठीत श्रीधरांनी ही कथा ओवीबद्ध केली, आणि पोथी ऐकणाऱ्या पिढ्यांना सुधन्व्याला जिच्यात टाकले ती उकळत्या तेलाची कढई अर्जुनाच्या कितीतरी बाणांपेक्षा जास्त लक्षात राहिली.

व्यासांना वाटपाची जाण नव्हती, असा याचा अर्थ नाही. दिग्विजयात चार भावांना चार दिशा मिळतात; अज्ञातवासात नकुल घोड्यांकडे आणि सहदेव गाईंकडे जातो, म्हणजे एरवी मागे राहणाऱ्या जुळ्यांनाही आपले म्हणावे असे काम मिळते. पण या प्रश्नावर महाभारतातला सर्वांत थेट प्रसंग यक्षाच्या तळ्याकाठचा आहे. चार भाऊ मरून पडलेले असतात आणि एकाला उठवण्याची मुभा मिळते. युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. भीम किंवा अर्जुन का नको, असे यक्ष विचारतो; पुढचे युद्ध डोळ्यांसमोर ठेवले तर प्रश्न रास्तच आहे. युधिष्ठिराचे उत्तर उपयोगाच्या हिशेबात बसणारे नाही: कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. इथे पात्राची योग्यता, पराक्रम, लोकप्रियता यांतले काहीच मोजलेले नाही. ज्या बाजूला काहीच उरलेले नाही ती बाजू रिकामी राहू द्यायची नाही, एवढेच पाहिले आहे. किमान वाट्याचे तत्त्व इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल.

किमान वाटा ठरला तरी प्रत्यक्ष क्षणी कोणाला पुढे आणायचे आणि कोणाला मागे ठेवायचे हे उरतेच. त्यावर जैन दर्शनाची अनेकान्ताची मांडणी सर्वांत नेमकी आहे. भद्रावतीत केसरिया पार्श्वनाथाचे तीर्थ असल्याने या मुलखाला ती परकी नाही. वस्तूला अनंत धर्म, म्हणजे गुणविशेष, असतात आणि बोलताना ते सगळे एकदम सांगता येत नाहीत. म्हणून उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात अर्पित आणि अनर्पित असा भेद येतो: या घडीला पुढे ठेवलेला धर्म अर्पित, मागे ठेवलेला अनर्पित. समंतभद्रांनी तो मुख्य आणि गौण या शब्दांत मांडला आणि एक महत्त्वाची पुस्ती जोडली: गौण म्हणजे नसलेले नव्हे. बोलणाऱ्याच्या विवक्षेने एक बाजू मुख्य झाली म्हणून दुसरी नाहीशी होत नाही. एक बाजू पुढे घेऊन बोलणे हा नय आणि दुसरी नाकारून बोलणे हा दुर्नय, अशी रेषा नंतरच्या आचार्यांनी आखली. दहाव्या शतकातल्या अमृतचंद्रांनी यासाठी ताक घुसळणाऱ्या गवळणीचा दृष्टान्त दिला. रवीच्या दोरीचे एक टोक ती ओढते तेव्हा दुसरे सैल करते, पण हातातून सोडत नाही. सोडले तर लोणी निघत नाही.

खेळात हा भेद सहज ओळखता येतो. सरदाराच्या शपथेचा प्रसंग रंगलेला असताना वैद्य चालवणारी खेळाडू गप्प आहे. गेम मास्टर मध्येच म्हणतो, “राजाचा हात थरथरतो आहे, हे तुला एकटीला दिसतंय.” प्रसंग सरदाराचाच राहतो, पण वैद्य आता त्यात आहे, आणि त्या थरथरीचे काय करायचे हे तिच्या हाती आहे. हे सैल केलेले टोक. उलट, दुसऱ्या एखाद्या टेबलावर तीच खेळाडू तासभर मोबाइल पाहत बसते आणि तिचे पात्र खोलीत आहे की बाहेर हे कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा टोक सुटलेले असते. दोन्हीकडे ती सारखीच मिनिटे गप्प होती.

या मांडणीला एक मर्यादा आहे. अनेकान्त हा ज्ञानाविषयीचा विचार आहे, वाटपाविषयीचा नव्हे. गौण धर्म मुख्य केव्हा व्हावा याची मुदत तो घालून देत नाही. वस्तूच्या धर्माला वाट पाहण्याचा शीण नसतो, माणसाला असतो. ‘तू गौण आहेस, नाकारलेला नाहीस’ हे वाक्य सहा महिने ऐकल्यावर त्यात फरक उरत नाही. म्हणून यक्षाच्या तळ्यावरचा निकाल आणि अमृतचंद्रांची दोरी या दोन्हींची गरज पडते.

भद्रावतीजवळ विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. एक दालन सरळ खडकात जाते, त्याला काटकोनात डावी-उजवीकडे आणखी दोन फुटतात, आणि तिन्हींच्या टोकांशी बुद्धमूर्ती आहे. त्या परंपरेचा आक्षेप वाटपाच्या पद्धतीवर नाही, मागणीवरच आहे. बौद्ध विचारात मान हा दोष तीन रूपांत येतो: मी श्रेष्ठ आहे, मी कमी आहे, आणि मी बरोबरीचा आहे. तिसरे रूप इथे अडचणीचे ठरते, कारण समान वाटा मागणारा याच वाक्यावर उभा असतो. माझ्या पात्राला किती मिळाले याची नोंद ठेवणाराही मानातच अडकलेला, असे हे निदान आहे. ते खोटे नाही. दुसऱ्याचा प्रसंग मन लावून ऐकणारे खेळाडू ज्या टेबलावर असतात तिथे वाटपाचे भांडण मुळात फारसे होतच नाही. पण हे औषध ज्याचे त्याने घ्यायचे. गेम मास्टरने गप्प बसवलेल्या खेळाडूला निर्ममत्वाचा उपदेश करणे म्हणजे स्वतःचे काम त्याच्या गळ्यात घालणे.

काही जण मुळातच मागे राहणे पसंत करतात, आणि त्यांना ओढून पुढे आणणे हाही एक जुलूमच. पसंती आणि नाइलाज बाहेरून सारखेच दिसतात. विचारल्याशिवाय फरक कळत नाही, आणि विचारायचे ते चारचौघांत नव्हे.

पाहणारे आले की गणित आणखी बदलते. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर चालणारी नाटके करते. तिथे ‘वन्समोअर’ मिळाले की गाणे पुन्हा होते, आणि विनोदी पार्ट रंगला की तो लांबतो. झोत कोणावर थांबायचा हे लेखकाइतकेच मांडवातले लोक ठरवतात. 2023 मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे हे विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे नट; संहितेत दुय्यम असलेला पार्ट लोकांच्या लेखी मुख्य ठरू शकतो, याची साक्षच. बंद खोलीतल्या मोहिमेला प्रेक्षक नसतात, खेळाडूच एकमेकांचे प्रेक्षक असतात. त्यामुळे जो जास्त हसवतो त्याच्याकडे वेळ आपसूक वाहत जातो आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो.

या सगळ्यात विवक्षा कोणाची, म्हणजे मुख्य-गौण ठरवायचे कोणी, हा प्रश्न राहतो. रूढ उत्तर गेम मास्टर हे आहे, आणि त्याच्याही आवडीनिवडी असतात. काही नव्या खेळांनी हा अधिकारच फिरता केला. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘फियास्को’मध्ये (2009) गेम मास्टर नाही, पाळी आलेल्या खेळाडूने आपला प्रसंग स्वतः मांडायचा किंवा त्याचा शेवट स्वतः ठरवायचा, दोन्हींपैकी उरलेले काम इतरांकडे. बेन रॉबिन्स यांच्या ‘मायक्रोस्कोप’मध्ये (2011) प्रत्येक फेरीत कथेचे लक्ष कशावर राहील हे वेगळा खेळाडू ठरवतो. झोत वाटण्याऐवजी दिवाच हातोहात फिरवण्याचा हा मार्ग आहे. ‘फियास्को’ मात्र एका बैठकीत संपवायचा खेळ आहे. तीन वर्षे चालणाऱ्या मोहिमेत मागच्या पावसाळ्यात कोणाचे काय अर्धवट राहिले हे कोणीतरी एकाने लक्षात ठेवावे लागते, आणि ती वही बहुतेक गटांत अजून गेम मास्टरकडेच असते.