हजेरीपुस्तकातले आजार

मिरजेत औषधांच्या ठोक व्यापाराचं एक जुनं दुकान होतं. कामाला तिसेक माणसं. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशनचं इस्पितळ सुरू केलं, त्याच्या मागोमाग डॉक्टर आले, लॅब आल्या, औषधवाले आले आणि गाव वैद्यकाची पेठ झालं. त्यामुळे अशा दुकानात माणसंही तऱ्हेतऱ्हेची. हिशेबाला बसणाऱ्या सुनंदाबाई मिशन कंपाउंडात वाढलेल्या ख्रिस्ती. फ्रीजचा माल सांभाळणारा सलीम दर्ग्याजवळ राहणारा. बॅच नंबर लिहिणारा शांतिनाथ हा शेजारच्या खेड्यातला जैन पाटील. पॅकिंगवर मिलिंद, तो बौद्ध. डिलिव्हरीच्या टेम्पोवर तानाजी, पिढ्यान्‌पिढ्या वारकरी घरातला.

मालकांना सगळे आप्पा म्हणत. माणूस सरळ. पगार एक तारखेला, त्यात खळखळ नाही. कोणाच्या घरी आजारपण निघालं तर औषधं फुकट. त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत: "माझ्या दुकानात जातधर्म नाही. सगळ्यांना नियम एकच."

नियम खरोखरच एक होता. मार्चएंडच्या पंधरवड्यात रजा नाही. साठा मोजायचं काम रात्रीपर्यंत चालणार. आठ वाजता सगळ्यांना दुकानाच्या खर्चानं जेवण, त्याआधी जागा सोडायची नाही. वर्षाच्या सुट्ट्यांची यादी आप्पा आणि दिवाणजी दोघं बसून करत आणि जानेवारीत ती काउंटरमागे चिकटवली जाई. दोन वर्षांपूर्वी सलीमनं रमजानात संध्याकाळची पंधरा मिनिटं मागितली होती. दिवाणजी म्हणाले, "एकाला दिलं की दहाजण मागतील." त्यानंतर कोणी काही मागितलं नाही. आप्पांना वाटलं, सगळे खुशीत आहेत.

27 मार्च 2024, बुधवार. रमजान चालू होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास इन्शुलिनचा माल आला. इन्शुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवायचं असतं. सलीमनं खोकी टेबलावर काढली, शांतिनाथनं बॅच नंबर उतरवायला घेतले. जैन घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि त्या दिवसांत मिरजेत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे साडेसहाला शांतिनाथ गुपचूप गच्चीवर गेला, डब्यातली भाकरी घाईघाईनं खाल्ली. सलीम इकडे टेबलापाशी आहे, या भरवशावर. पावणेसातला सलीम गोदामाच्या जिन्यामागे सरकला, खिशातला खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन. शांतिनाथ एव्हाना परतलाच असेल, या भरवशावर. मधल्या वेळात मिलिंदनं रिकामी खोकी आणून त्याच टेबलावर रचली. परतल्यावर दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानं माल फ्रीजमध्ये ठेवला. रात्री साडेनऊला खोकी हलवली तेव्हा इन्शुलिन तिथेच होतं.

थंडाव्याची साखळी तुटलेला माल विकायचा नाही, हा आप्पांचा शिरस्ता. नुकसान मोठं होतं. आप्पा कडाडले, "होतात कुठे तुम्ही दोघं?" सलीम मान खाली घालून उभा. शेवटी शांतिनाथ म्हणाला, "आप्पा, मी जेवायला गेलो होतो. हा रोजा सोडायला गेला होता. रोजच जातो आम्ही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

आप्पांनी कोणालाच काही सुनावलं नाही. सगळ्यांना घरी पाठवलं आणि हजेरीपुस्तकं काढून बसले. कोण किती वेळा खोटं बोललं ते शोधायचं, असंच त्यांच्या मनात होतं. पाच वर्षांची पुस्तकं आणि शेजारी जुनी कॅलेंडरं. रजेच्या कारणाचा रकाना ते पहिल्यांदाच नीट वाचत होते.

सुनंदाबाईंना दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये एक दिवस ताप येत होता आणि तो वार शुक्रवारच होता. सलीमच्या पोटात दर वर्षी दुखत होतं आणि ते दुखणं दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत होतं, ईद सरकते तसं. मिलिंदची बहीण दर 6 डिसेंबरला मुंबईत आजारी पडत होती. शांतिनाथची कंबर भाद्रपदात, ऐन दशलक्षण पर्वात धरत होती. आणि तानाजी! देवळात जाणारा, आप्पांच्याच धर्माचा माणूस. त्याचा टेम्पोचा परवाना दर आषाढीच्या तोंडावर हरवत होता.

ही सगळी कष्टाळू माणसं होती. रोकड मोजताना एका रुपयाची गफलत न करणारी. त्यांना वर्षातून एकदा खोटं लिहायला लावलं होतं ते त्या सरसकट नियमानं, आणि तो नियम एका घराचं कॅलेंडर समोर ठेवून केलेला होता. आप्पांचे गणपती, दसरा, लक्ष्मीपूजन यादीत आपोआप बसले होते. त्यासाठी आप्पांना कधी कोणाकडे अर्ज करावा लागला नव्हता. माझ्या मते एवढं एका रात्रीत लक्षात येणं ही लहान गोष्ट नाही. पुष्कळ मालकांच्या ते उभ्या आयुष्यात लक्षात येत नाही.

सकाळी त्यांनी सुनंदाबाईंना बोलावलं. "बाई, उद्या गुड फ्रायडे. तुम्हाला ताप येणार होता ना?"

बाईंचा चेहरा उतरला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हो आप्पा. बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते. आई होती तेव्हापासून चुकवलेली नाही."

"मला सांगितलं का नाही कधी?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आप्पा उठले आणि काउंटरवरच्या देवांच्या तसबिरी काढायला लागले. आता दुकानात कोणाचंच काही नको, म्हणजे कोणाला परकं वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब. बाईंनीच अडवलं. "त्या राहू द्या. तुमचा देव काढून आमच्या पदरात काय पडणार? सत्यनारायणाच्या दिवशी वर्गणीची वही पुढे करून माझ्या तोंडाकडे बघू नका म्हणजे झालं. प्रसाद मी आनंदानं घेते." हे बाईंचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. सामावून घेणं म्हणजे भिंती कोऱ्या करणं, अशी समजूत हल्ली चांगल्या चांगल्या कचेऱ्यांत दिसते. कोऱ्या भिंतींनी कोणाची पंधरा मिनिटांची अडचण सुटत नाही.

त्या संध्याकाळी एवढंच केलं: आठची सुट्टी सव्वासहाला आणली. मागच्या खोलीत सतरंजी अंथरली. शांतिनाथनं डबा उघडला. भाकरी, मुगाची आमटी. सावकाश जेवला, भांडंभर पाणी प्याला आणि सूर्यास्ताला पाच-सात मिनिटं असताना डबा बंद केला. त्याच्या समोर सलीम मांडी घालून बसलेला, तळहातावर खजूर, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. एकाला सूर्य मावळायच्या आत संपवायचं, दुसऱ्याला मावळल्यावरच सुरू करायचं. मशिदीतून अजान आली तशी सलीमनं खजूर तोंडात टाकला आणि शांतिनाथनं न सांगता पाण्याची बाटली पुढे केली. बाकीच्यांनी चहा-भजी घेतली. सात वाजता सगळे पुन्हा कामाला. दोन धर्मांची दोन गाऱ्हाणी एकाच सुट्टीत मिटली, आणि दुकानाचं एक मिनिटही जास्त गेलं नाही.

शुक्रवारी सुनंदाबाई चर्चला गेल्या, दुपारी सलीम जुम्म्याला. काउंटर मिलिंद आणि तानाजीनं धरलं. बाई शनिवारी उशिरापर्यंत थांबल्या. रविवारी 31 तारखेला ईस्टर होता. सकाळची उपासना उरकून त्या अकराला आल्या आणि रात्री साठा वहीशी जुळला.

सगळं गोडगोड झालं असं नाही. दिवाणजी आठवडाभर धुसफुसत होते. तानाजी तर सरळ भांडायलाच आला. "आप्पा, त्यांचं झालं ते बरंच झालं. पण मग मी आषाढीला आजवर खोटं का बोललो?" याला आप्पांकडे उत्तर नव्हतं. 17 जुलैला तो पंढरपुरी गेला. टेम्पो सलीमनं चालवला.

गंमत अशी की हे सगळं गावाला आधीपासून ठाऊक होतं. मिरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि त्याच दर्ग्याच्या आवारात विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गाण्याला सगळं गाव बसतं. कोणाचा मान कुठे, हे गावानं एकमेकांना विचारून कधीच ठरवलेलं. दुकानात मात्र ते विचारायला माल वाया जावा लागला.

डिसेंबरात मिलिंदनं एक कागद आणला. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, आणि त्या मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. "आपसात," मिलिंदनं बोट ठेवून दाखवलं. आप्पांनी जन्मभर त्या दिवाणजींशी ठरवल्या होत्या.

मग तिसेक माणसं त्याच सतरंजीवर बसली. दोन तास वाद झाला. अखेर गणेश चतुर्थी आणि लक्ष्मीपूजन सर्वांना, उरलेल्या दोन ज्यानं त्यानं आपापल्या निवडायच्या आणि आधी लिहून द्यायच्या, असं ठरलं. "हिशेब गुंतेल," दिवाणजी म्हणाले. सुनंदाबाईंनी कॅलेंडर पुढे ओढून अर्ध्या तासात सगळ्यांच्या तारखा मांडून दाखवल्या. त्यातून आणखी एक गोष्ट निघाली: पूर्वी दिवाळीत इस्पितळांची तातडीची मागणी आली की गडी मिळत नसे, आता ईदेला तानाजी होता आणि पाडव्याला सलीम.

तुमच्या हाताखाली दहा माणसं असोत की दोनशे, पुढच्या वर्षाची यादी चिकटवण्याआधी तुमचं हजेरीपुस्तक कॅलेंडरशेजारी ठेवून एकदा वाचा. आणि तुम्ही मालक नसाल, यादीत तुमचे सण न मागता येत असतील, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्याचा दिवस कोणता ते विचारा, आणि त्या दिवशी त्याचं काम अंगावर घ्या.